छिद्र दिसलं की तेल

मी एकदा सुनेच्या नव्याकोऱ्या मोटारसायकलच्या ब्रेकला तेल लावलं. मुद्दाम नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण सासू, सून, ब्रेक आणि तेल एवढं एका दमात ऐकलं की लोक पुढचं ऐकायला थांबत नाहीत.

तेव्हा मी आजी झाले नव्हते, नुसती सासू होते, आणि अंगात शहाणपण लई होतं. तीस वर्षं शिलाई मशीन चालवलेली बाई. मशीनची नस न् नस ठाऊक, म्हणजे जगातल्या सगळ्या यंत्रांची ठाऊक, अशी तिची पक्की समजूत. मुलगा नोकरीला परगावी. सून खुलताबादच्या पुढं एका आरोग्य केंद्रात नर्स, तिनं जायला-यायला गाडी घेतली. त्या गाडीची देखभाल मी कुणी न सांगता अंगावर घेतली. गॅरेजवाल्याला काय कळतंय, असं वर ऐकवलंही.

खरं तर काम बरं करत होते. दर रविवारी गाडी मधल्या स्टँडवर चढवायची, डिझेलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशनं चेन घासायची, मागचं चाक हातानं फिरवत कडीकडीला तेल सोडायचं. चेन ढिली पडलीय का, बोटानं उचलून बघायचं. शिवाय सुनेला रोज तीच सूचना : फाटकाबाहेर पडायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून बघत जा. ती मान हलवायची. ऐकते की नुसती हलवते, काही कळायचं नाही.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारं, यंत्रं पुसून तेलपाणी करून पुजायची. सकाळी मशीनच्या प्रत्येक छिद्रात थेंब-थेंब तेल सोडलं आणि तीच कुपी घेऊन अंगणात आले. गाडीच्या पुढच्या चाकाला चकचकीत लोखंडी चकती, आणि तिला ही एवढी छिद्रं. छिद्रं ठेवलीत ती तेलासाठीच, दुसरं कशाला ठेवतील? प्रत्येकात थेंब सोडला. फडक्यानं सगळीकडं सारखं केलं. मग कुंकू, मग झेंडूचा हार. सून ड्यूटीला निघाली आणि मी देवापुढं बसले.

दुपारी चष्मा लावून गाडीसोबत आलेलं पुस्तक उघडलं. ब्रेकच्या पानावर ठळक हिंदीत ताकीद होती, डिस्कला तेल लागू देऊ नये, ब्रेक धरणार नाही.

तिच्या वाटेत दौलताबादचा घाट.

फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. आरोग्य केंद्राचा नंबर मी कधी विचारलाच नव्हता, सूचना देण्यातून सवड कुठं मिळाली होती. शेंगदाणे भाजायला घेतले, ते करपले. मशीनवर बसले, तर ब्लाऊजची बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. दहादा फाटकापर्यंत जाऊन आले. घाटातली वळणं आठवत होते आणि प्रत्येक वळणावर ती पुढचा ब्रेक दाबतेय असंच दिसत होतं. त्यातच मनात आलं, लोक म्हणतील सासूनं मुद्दाम केलं. पोर तिकडं घाटात, आणि या बाईला लोकांची पडलेली. त्या बाईला आज समोर उभं करून दोन शब्द ऐकवावेत असं वाटतं.

दिवे लागायच्या वेळी सून आली. पायी. हातात कोमेजलेला हार. तिनं चप्पल काढायच्या आत मी तेल, कुपी, छिद्रं, सगळं ओकून टाकलं. तिनं शांतपणे पाय धुतले, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, मला फाटकातच कळलं होतं. तुम्ही सांगता तसं रोज दाबून बघते, आज पुढचा धरेचना. गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजात लावली अन् जीपनं गेले. तुमचे फोन दिसत होते, पण म्हटलं, मी रोज तुमचं ऐकते, आज तुम्ही जरा माझी वाट बघा."