वर्षभराचं नेट

धर्मपाल आबांना मुका म्हणणारे गल्लीत कमी नव्हते. मुका कसला डोंबलाचा! टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर तीस वर्षं घालवलेला माणूस. तिथल्या खडखडाटात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, म्हणून सगळे हातानंच बोलायचे. तोंडाशी बोटं नेली की जेवलास का, दोन बोटं फाकवली की धागा तुटला, चिमूट फिरवली की गाठ मार. कारखाना सुटला, आबांची सवय सुटली नाही. घरी येसूबाई त्यांच्या खुणा ओळखायच्या आणि दोघांच्या वाटचं एकट्याच बोलायच्या.

लेक धम्मप्रिया सिंगापूरला नर्स. रोज संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल यायचा आणि मायलेकी मिळून बुद्धवंदना म्हणायच्या. मग येसूबाईंना कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन सांगितलं, दोन महिने, फार तर तीन. लेकीला रजा मिळेना. ड्यूटी नसली की ती फोनवर आईला नुसती बघत बसायची, आणि ऐन वंदनेला मोबाईलचा डेटा संपायचा. पडद्यावरच्या फिरत्या चाकाकडं येसूबाई टक लावून बघायच्या. ते आबांना बघवेना.

ते नेटच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या सोनमनं कागद पुढं केला. "अनलिमिटेड आहे काका, कितीबी वापरा. महिन्याचा प्लॅन देऊ का वर्षाचा? वर्षाचा स्वस्त पडतो."

आबांचा हात उचलेना. महिन्याचा म्हणावं, तर बायकोचे दिवस आपणच मोजून दिल्यासारखे. वर्षाचा म्हणावं, तर डॉक्टरांचे शब्द काळजात रुतलेले. कागद खिशात घालून ते परत आले.

येसूबाईंनी तो मागून घेतला, वाचला. "वर्साचा घ्या."

आबांनी हात हलवला, कशाला?

"मला समदं म्हाईत हाय वो. ह्यो माज्यासाटी न्हाय. मी गेल्यावर नुसत्या फोनवर तुमी पोरीशी काय बोलनार, कप्पाळ? तिला तुमचे हात तरी दिसू द्या की!"

आबा भिंतीकडं तोंड करून रडले. दुसऱ्या दिवशी वर्षाचं नेट आलं.

मग रोज वंदना झाली की येसूबाई लेकीला एकेक खूण शिकवायच्या. चुकली की रागवायच्याही. अशा सात आठवडे जगल्या.

धम्मप्रिया मातीला आली, आठ दिवस राहिली आणि गेली. ती सिंगापूरला पोचली त्या संध्याकाळी फोन वाजला. आबा येसूबाईंच्या फोटोखाली बसले होते. पोरीनं बोटं तोंडाशी नेली. जेवलात का?

आबांनी कसाबसा हात उचलला आणि दोन बोटं फाकवली.

पलीकडं धम्मप्रियाचे डोळे वाहत होते. तिनं चिमूट धरली आणि हळूच फिरवली. गाठ मारा, आबा.

आबांनी तिच्या हाताकडं बघितलं. मग त्यांनी घसा खाकरला, हात जोडले, आणि येसूबाई रोज सुरू करायच्या ती वंदना मोठ्यानं सुरू केली.