अर्ध्या तासाचा राग

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला? पण चहा टाकलाच आहे, तर ऐका.

मी मूळचा पुण्याचा, त्यातून रागीट. चेन्नईत नुंगंबाक्कमला राहतो. वरच्या मजल्यावर घरमालक राव, पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचे मराठी. आपली मराठी माणसं म्हणून त्यांनी आम्हाला घर दिलं आणि माझी बायको मेधा त्या घरावर जीव टाकते.

राव सकाळी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतात, नेमका मी अंगाला साबण लावला की! तोंडावर बोलायची हिंमत नाही, म्हणून मी मेल लिहायचो. घाबरू नका. मेलच्या प्रोग्राममध्ये मी सोय करून ठेवली होती, 'पाठवा' दाबलं तरी मेल अर्धा तास अडकून राहायचा. तेवढ्यात राग उतरायचा, मी तो पुसून टाकायचो. पाठवल्याचं समाधान मिळायचं आणि भांडणही व्हायचं नाही.

गेल्या आठवड्यात त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकली. त्या अर्ध्या तासाच्या सेटिंगची माझी फाइल जागच्या जागी होती, म्हटलं घेईल वाचून. पण हे नवे प्रोग्राम म्हणे सुरक्षेसाठी आपापल्या खोलीत कोंडलेले असतात, घरातल्या बाकीच्या फाइली त्यांना दिसतच नाहीत. हे मला मेल्याला कुठे ठाऊक?

शनिवारी पुन्हा डोळ्यांत साबण. बसलो आणि लिहिलं: पाणी तोडता, कॉफीच्या नावाखाली काढा पाजता, आणि तुमची मराठी तर मला ओ की ठो कळत नाही. 'पाठवा' दाबलं. थोड्या वेळाने पुसायला गेलो, तर मेल जागेवर नाही. मेधाने पुसला असणार, तिला माझी सवय माहीत आहे. मग शांतपणे वर गेलो, गोड बोलून व्हॉल्व्हचा विषय काढायला.

रावकाकूंनी कॉफीऐवजी ताक दिलं. मी म्हणालो, "काकू, तुमच्या कॉफीची सर कशालाच नाही हो." आणि एरवी माझ्याशी हौसेने मराठी बोलणारे राव चक्क इंग्रजीत बोलू लागले. असं का, म्हणून मी विचारलं.

"तुम्हांस आमची मराठी कळत नाही, असं लिहिलंत ना," ते हळूच म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी लाज उभ्या जन्मात वाटली नव्हती. घाईघाईने सगळं समजावलं, ती फाइल, तो कोंडलेला प्रोग्राम, तो अर्धा तास. राव मान हलवू लागले. पटतंय असं वाटून मी आणखी जोर लावला, "शपथ सांगतो काका, तीन वर्षांत तुम्हाला लिहिलेला एकही मेल मी जाऊ दिला नव्हता!"

काकूंनी माझा रिकामा पेला उचलता उचलता विचारलं, "म्हणजे तीन वर्षं लिहीतच आहांत?"