जावयाचा नकाशा

अमोनियाचा वास कुठे आला, की माझे हात अजूनही आपोआप कागदाची उत्तर दिशा शोधू लागतात. अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या नकाशाच्या ताज्या प्रिंटचा तो झणझणीत, डोळ्यांत पाणी आणणारा दर्प. मार्गशीर्षातले कोवळे ऊन. नुकत्याच कापलेल्या धानाचा ओलसर गंध. आणि कन्हान नदीच्या काठावरल्या एका लहानशा गावाच्या चावडीत सतरंजीवर पसरलेला माझा नकाशा. सारे कसे चित्रासारखे जुळून आले होते. फक्त नकाशा उलटा होता! खरी नदी माझ्या पाठीमागे संथपणे वाहत होती आणि मी मात्र वेताची काडी पुढे करून, समोरच्या टेकडीच्या अंगाला, "ही आपली नदी" असे गंभीर स्वरात सांगत होतो. नदीकडे तोंड करून बसलेले अवघे गाव मान डोलावत होते. "होय जी. बरोबर हाय जी." त्या माना डोलताना पाहून मला जो आनंद झाला, तो आठवला की आजही कानाच्या पाळ्या तापतात.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. 'पर्यावरण' हा शब्द तेव्हा नागपुरात नवा होता. त्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. विद्यापीठाने सायंकाळचा एक पदविका अभ्यासक्रम काढला: पर्यावरणीय अभिकल्प, ग्रामीण नियोजन आणि संज्ञापन. मी चाळिशी ओलांडलेला, सरकारी कचेरीतला ड्राफ्ट्समन. दुसऱ्यांनी आखलेल्या रेषा शाईने गिरवण्यात माझे तारुण्य सरले होते. आयुष्यात एक तरी रेषा आपल्या बुद्धीने आखावी, अशी हुरहुर या वयात माणसाला का लागावी? पण लागली खरी. कचेरी सुटली की सायकल काढायची आणि मिसरूड फुटलेल्या पोरांच्या मागच्या बाकावर जाऊन बसायचे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत जेवणे झाली की ट्रंकेवर ड्रॉइंग बोर्ड चढे, आणि कुसुम, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, चहाचा कप घेऊन जमिनीवर पसरलेल्या माझ्या नियोजित गावाच्या चौकाचौकांतून वाट काढत येई.

आम्हाला शिकवणारे खानझोडे सर बुटके आणि तोंडाचे फटकळ होते. पहिल्या दोन विषयांचे गुण कागदावर मिळत. तिसऱ्याचे, म्हणजे संज्ञापनाचे, गावात जाऊन मिळवावे लागत. आपली योजना गावकऱ्यांपुढे मांडायची, त्यांचे म्हणणे ऐकायचे, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकाने ते सारे मागे बसून पाहायचे. सर म्हणत, "ज्या सभेत एकही प्रश्न आला नाही, त्या सभेत तुम्ही बोललातच नाही असं मी समजतो. सरळ नापास करतो." ते ऐकून आम्ही हसलो होतो. गावाला काय, प्रश्न का कमी असतात!

गाव निवडायची मोकळीक होती. इतरांनी दूरदूरची अवघड गावे निवडली. मी निवडले कुसुमचे माहेर. ओळखीपाळखी होत्या, मुक्कामाची सोय होती आणि सासूबाईंच्या हातच्या पाटवडीच्या रश्श्याचाही त्या निवडीत थोडाफार वाटा होता, हे मान्य करायला हवे. पण गावाची निकड खरी होती. पुराचे पाणी खालच्या आळीत शिरे. ती आळी उचलून चावडीलगतच्या वरच्या माळावर वसवायची होती. तिच्यासाठी सार्वजनिक विहीर मंजूर होती, आणि ती एकच. योजना गावाने मान्य केली आणि परीक्षकांनी पसंत केली, की गटविकास कार्यालय दुसऱ्या दिवसापासून त्याच नकाशाबरहुकूम जमिनीवर रेषा पाडणार होते. चुन्याची पोती आधीच येऊन चावडीच्या भिंतीला टेकून बसली होती. कागदावरची रेघ रबराने पुसता येते. खणलेली विहीर कोणत्या रबराने पुसायची?

माझ्या नकाशात त्या विहिरीला मानाचे स्थान होते. चावडीसमोर प्रशस्त चौक, चारही दिशांनी येऊन तिथे मिळणारे रस्ते आणि मधोमध विहीर, जणू कमळातली कर्णिका! बोर्डावर ती पाहून कुसुमने कप खाली ठेवत एवढेच विचारले होते, "विहीर इथं का?" मी तिला केंद्रवर्ती नियोजनाचे तत्त्व समजावून सांगितले. चहा निवेपर्यंत सांगितले. तिने पुढे काही विचारले नाही, आणि तत्त्व पटले, असे मी धरून चाललो.

सभेच्या सकाळी सासूबाईंनी रस्सा वाढला. त्या दिवशी तो जिभेला जरा जास्तच लागत होता, पण दाराआडून "कसा झाला जी?" असा प्रश्न आला, तेव्हा "वा!" म्हणून मी आणखी एक वाटी घेतली आणि वर तांब्याभर पाणी प्यायलो. मामाजी, म्हणजे माझे सासरे, जातीने पंखा घेऊन बसले होते. थंडीत पंखा! पण आमच्याकडे जावई जेवायला बसला की ऋतूसुद्धा त्याच्या मर्जीप्रमाणे चालतात.

तर चावडीत मी बोलत होतो आणि माना डोलत होत्या. मागे खांबाशी खानझोडे सर, शेजारी जाड भिंगांचा चष्मा लावलेले, कोरड्या चेहऱ्याचे परीक्षक. बाहेर लिंबाच्या पारापाशी बायकांचा घोळका, त्यात कुसुम. माझे बोलणे संपले तेव्हा परीक्षक उठले, नकाशापाशी येऊन वाकले आणि हळूच म्हणाले, "नदी कोणत्या बाजूला आहे?" मी टेकडीकडे काडी केली. त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिले. मी वळून पाहिले. माझ्या पाठीमागे, उन्हात चकाकत, कन्हान वाहत होती.

तुम्ही कधी भर सभेत गाव उलटे केले आहे का? मी दोन्ही हातांनी नकाशा उचलला, फिरवला, घामाने प्रिंटचा निळा रंग बोटांना लागला. आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो. आता जिथे देऊळ होते तिथे देऊळ आले, जिथे खालची आळी होती तिथे आळी आली. आणि समोरचे गाव? ते पहिल्यासारखेच, त्याच लयीत मान डोलावत होते. "होय जी. बरोबर हाय जी."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. मघाची नदीही बरोबर आणि आताचीही बरोबर! म्हणजे ही माणसे नकाशा पाहतच नव्हती. ती जावयाकडे पाहत होती. या गावात जावयाने दिवसाला रात्र म्हटले तरी कंदील लावायची रीत. त्याचा शब्द चारचौघांत खाली पडू द्यायचा म्हणजे गावाच्या लेकीचा पाणउतारा. मी गावाला योजना समजावून देत नव्हतो, आणि गावही ती मान्य करत नव्हते. ते फक्त माझा पाहुणचार करत होते.

"कुणाला काही विचारायचं आहे?" परीक्षकांनी विचारले. कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली आणि थांबली. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ते अस्वस्थ झाले की तसे करत. मी म्हणालो, "मोकळेपणाने बोला. विहीर, रस्ते, काहीही चुकत असेल तर सांगा." मामाजी हात जोडून म्हणाले, "जावईबापू, तुमी शिकेलसवरेल मानूस. तुमी म्हनान थेच खरं." मी अक्षरशः विनवण्या केल्या. कोपऱ्यातून कोणीतरी म्हणाले, "नकाशा लय देखना हाय जी." परीक्षकांनी पेनचे टोपण काढले. भिंतीशी उभ्या असलेल्या गटविकास कार्यालयाच्या माणसाने चुन्याच्या एका पोत्याची दोरी चाचपली. मी नापास होणार, ते निमूट सोसले असते. पण याच होकारावर उद्या चुना पडणार होता, आणि या माना जर माझ्या उलट्या नदीलाही डोलल्या होत्या, तर त्या सुंदर चौकात नेमके काय चुकले आहे, हे मला आता कोण सांगणार? आदर हा किती जाड पडदा असतो! आत उभ्या असलेल्या माणसाला बाहेरचे काही दिसत नाही, आणि बाहेरच्यांना वाटते, पडदा सरकवणे म्हणजे अपमान.

"काहून हो, या विहिरीवर पानी भरन कोन? तुमी?"

आवाज ओळखीचा होता. बोली मात्र आमच्या घरात कधी न ऐकलेली. महालात डोक्यावरून पदर ढळू न देणारी कुसुम इथे लेक होती. मोकळ्या डोक्याने, कमरेवर हात ठेवून ती चावडीच्या पायरीवर उभी होती. मामाजींचा चेहरा काळवंडला. "कुसुम, चूप बस वं! जावयाले चारचौघांत असं बोलते का कोनी?"

"बाबा, तुमचे जावई असतीन. माहे तं नवरे हायेत ना! मी नाई बोलली तं कोन बोलन?" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "चावडीवर सासरे, भासरे बसून राह्यले. यायच्या सुना इथून जाताना चप्पल हातात घेतात, पदर कपायापर्यंत ओढतात. डोक्यावर पान्यानं भरला गुंड, एका हातात चप्पल, दुसऱ्या हातानं पदर. मंग गुंड धरन कोन?"

मामाजी उठले. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला. ते गेले असते, तर त्यांच्यामागे सारी सभा उठली असती. अन्‌ विहीर तिथेच खणली गेली असती. ते दारापर्यंत पोचले. आणि तेव्हाच पाराकडून, पदराआडून, एक बारीकसा आवाज आला, "आमी तं मंग नदीवरच जाऊ, बाबाजी." ती खालच्या आळीतली कोणाची तरी सून होती. पुराच्या पाण्यातून उचलून जिच्यासाठी मी माळावर विहीर नेत होतो, ती विहिरीला वळसा घालून पुन्हा नदीवरच उतरणार होती!

मामाजी दारात थबकले. मग ते परत आले, माझ्या हातातली वेताची काडी त्यांनी अदबीने काढून घेतली आणि नकाशाशी उकिडवे बसले. "राग नका धरू, जावईबापू. नकाशा आंदी उलटा मांडला व्हता, थे मले तवाच दिसलं. नदी तं आमच्या डोयासमोर वाहून राह्यली व्हती. पन सांगावं कसं?"

हे ऐकून एकजण फिस्सकन हसला, आणि मग जे झाले त्याला सभा म्हणणे कठीण आहे. प्रत्येकाला काही ना काही म्हणायचे होते. रस्ता बैलगाडी वळेल इतका नव्हता. गोठे वाऱ्याच्या तोंडाशी आले होते. देवळामागे घरे आली, तर धान वाळवायचे कुठे? बाया चावडीत आल्या नाहीत, पण पारावरून त्यांचा आवाज इतका येऊ लागला, की परीक्षकच उठून पाराशी गेले. ऊन उतरेपर्यंत आम्ही सारे माळावर हिंडत होतो. पुढे बाया, मागे आम्ही. चिंचेच्या पल्याड, चावडीची नजर न पोचणाऱ्या जागी, त्यांनी आपल्या विहिरीसाठी दगड मांडला. चुन्याच्या पोत्यांची दोरी त्या दिवशी सुटली नाही. परीक्षकांनी मला उत्तीर्ण केले. नकाशा मात्र नव्याने काढायला सांगितला. माझ्या कमळातली कर्णिका अशी गळून पडली. तिथे आता, ऐकतो, पोळ्याला बैल जमतात.

संध्याकाळच्या एस.टी.त गुंडाळलेला नकाशा माझ्या मांडीवर होता. कागदातून अजूनही अमोनियाचा वास येत होता, मात्र सकाळी डोळ्यांना झोंबणारा तो दर्प आता निवला होता. खिडकीबाहेर नदी कधी या अंगाला दिसे, कधी त्या अंगाला. आणि मला वाटत होते, दिशा कागदाला असते की पाहणाऱ्याला? कुसुमने पुन्हा पदर डोक्यावर घेतला होता. मी म्हणालो, "कमाल आहे तुमच्या गावाची! माणूस डोळ्यांदेखत चुकतोय, तरी एकालाही सांगावंसं वाटू नये?"

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आईनं आज रश्श्यात दोनदा मीठ घातलं होतं. तुम्ही 'वा' म्हणून आणखी मागून घेतला. ती आता पुढच्या खेपेलाही तसाच करणार."