वर गेलेली हनुवटी

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शहरातल्या द्वारका चौकाजवळ माझा डोळ्यांचा दवाखाना नवा होता.

"डॉक्टरीणबाई, हिची मान लय ताठ झाली," येवल्याकडच्या सासूबाई बसायच्या आधीच म्हणाल्या. "गोऱ्ह्याचं डोकं डोळ्यावर आदळलं तवापासून मोठ्या माणसांसमोरबी हनुवटी वर!"

सून समोर येऊन बसली. तिचं नाव विसरले, पण पदर सावरून उंच धरलेली ती हनुवटी विसरले नाही. सूज उतरल्यामुळे घरच्यांना डोळा बरा वाटत होता.

मी तिचं डोकं सरळ धरलं आणि बॅटरी वर नेली. उजवा डोळा मागोमाग गेला, डावा मध्येच अडला.

"बॅटऱ्या किती?"

"दोन."

"आता हनुवटी वर करा."

"एकच!"

सापडलं! डोळ्याखालचं हाड मोडून फटीत स्नायू अडकला होता, म्हणून डोळा वर वळत नव्हता. स्कॅनमध्येही तेच निघालं. एकाचं एक दिसावं म्हणून ती मान वर करत होती, आणि घरचे त्याला माज म्हणत होते.

ऑपरेशननंतर ती आली, तेव्हा मान सरळ ठेवून दोन्ही डोळे थेट छतापर्यंत गेले. सासूबाई खुलल्या. "आता खाली बघून चालशील ना गं?"

सुनेनं हसून हनुवटी पुन्हा वर केली. "नाय, आत्याबाई. असं लय लांबचं दिसतं."