स्मारकापुढची मंगलाष्टकं

सांगलीहून निघताना यजमानांनी हातात डबा दिला आणि एकच सूचना केली, "तिथे लग्न नाहीये, एवढं लक्षात ठेव." मी म्हटलं, "कळतं हो मला." गेली वीस वर्षं मी लोकांच्या लग्नांत मंगलाष्टकं म्हणते. गळा गोड आहे, हे मी नाही, सगळी सांगली म्हणते. माझा थोरला भाऊ, दादा, नाशिक जिल्ह्यात बागलाणातल्या एका गावी शाळामास्तर. त्या गावचा कैलास नावाचा जवान कारगिलच्या लढाईत गेला. दोन वर्षांनी गावानं त्याचं स्मारक बांधलं, दादानं त्याच्यावर कविता केली आणि अनावरणाला ती म्हणायला मला बोलावलं. जवानासाठी गायचं म्हणून मी अशी काही हरखले होते, की पुणं येईपर्यंत मी कुठे चाललेय ते रेल्वेच्या अख्ख्या डब्याला पाठ झालं होतं.

मनमाडला दादा घ्यायला आला. तिथून एसटी. समोरून लासलगावच्या बाजाराकडे निघालेले कांद्याचे ट्रॅक्टर, दोन्ही बाजूंना बोडके डोंगर, आणि खिडकीत मी, दिसेल त्या डोंगराचं नाव विचारत. दादानं वैतागून कविता हातात ठेवली. चार श्लोक. पहिल्यात सिंह, दुसऱ्यात वज्र, तिसऱ्यात हिमालय, चौथ्यात ज्वालामुखी. वृत्त शार्दूलविक्रीडित, म्हणजे आपल्या मंगलाष्टकांचंच. दादाला दुसरं वृत्त येत नाही.

दुपारचं जेवण कैलासच्याच घरी होतं. त्याच्या आईनं, लीलाबाईंनी, कळण्याची भाकर (ज्वारी-उडदाच्या पिठाची) आणि वांग्याचं भरीत वाढलं. मी लाज सोडून तीन भाकरी खाल्ल्या. भिंतीवर कैलासचा वर्दीतला फोटो होता. ओठ घट्ट, भुवया वर. "किती रुबाबदार," मी म्हटलं.

"हाऊ मना पोऱ्या नही शे," (हा माझा मुलगा नव्हे) लीलाबाई म्हणाल्या.

मी घास हातात धरून बसले. मग माझ्यासाठी त्या मराठीत बोलायला लागल्या. "फोटोवाल्यानं सांगितलं, हसू नको. नायतर हा कधी गप बसला नाय. लग्न कुणाचंबी असो, बँडच्या पुढं हाच नाचायचा. आता दोन वर्षं मी भाषणंच ऐकते. वाघ होता, सिंह होता. ताई, मला त्याचं हसणं आठवेनासं झालंय. तुमच्या कवितेत तो हसतो का?"

हसत नव्हता. मी संध्याकाळभर दादाशी भांडले. "चार ओळी घाल रे त्याच्या हसण्याच्या." दादा म्हणाला, "वीररसात ते बसत नाही." मी म्हटलं, "मग वीररस जरा सरकव." तो ढिम्म. अनावरण लीलाबाईंच्या हातून व्हायचं होतं. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, की पडदा सरपंचांनीच उघडावा, सिंहाच्या स्मारकाशी आपलं काही काम नाही. मला रात्री जेवण गेलं नाही.

सकाळी मैदानात कर्ण्यावर सिनेमातली लढाईची गाणी लागली होती आणि पोरं गोळीबाराच्या आवाजासकट ती म्हणत होती. माझ्या शेजारी छातीवर पदकं लावलेले एक म्हातारे माजी सैनिक होते. मी विचारलं, "खऱ्या लढाईत गाणी म्हणता का हो?" ते म्हणाले, "म्हणतो की. थंडीनं दात वाजत असत्यात, ठेका तयारच असतो."

लीलाबाई आल्या, पण मागे, बँडवाल्यांजवळ जाऊन बसल्या. बँड मालेगावच्या उस्मानभाईंचा, लग्नात वाजवणारा. पडदा उघडला की सलामीची संथ धून वाजवायची, असं त्यांना चारदा बजावलं होतं. कविता संपल्यावर वाहायला बायकांच्या मुठीत झेंडूच्या पाकळ्या होत्या.

मी पहिला श्लोक घेतला. अगदी गंभीरपणे हं. पण शेवटच्या ओळीला आवाज आपोआप लांबला, आणि चहूकडून पाकळ्या आल्या. अर्ध्या स्मारकावर, अर्ध्या सरपंचांच्या डोक्यावर. दादा माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागला. दुसऱ्या श्लोकाला माणसं उठून उभी राहिली आणि पुन्हा पाकळ्या. काय होतंय ते मला कळत होतं, पण वीस वर्षांची सवय, गळा ऐकेना. चौथ्या श्लोकाचा शेवटचा सूर मी, देवाशपथ, नेहमीसारखाच वर नेऊन सोडला.

उस्मानभाईंचा हात उठला. हार पडताना वाजतं ते सगळं एकदम वाजलं. ढोल, ताशे, क्लॅरिनेट, दोन ट्रम्पेट. घाबरून सरपंचांनी हातातली दोरी ओढली, पडदा त्यांच्याच अंगावर आला आणि ते आतून ओरडायला लागले, "बंद करा रे." दादा डोकं धरून खाली बसला. धरणीनं मला पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात मागून हसू आलं. लीलाबाई. आधी तोंडाला पदर होता, मग तोही राहिला नाही. "वाजू द्या," त्या म्हणाल्या. "असा नाचायचा तो. असा." रुमालाचं टोक दातात धरून त्यांनी चार पावलं टाकली. उस्मानभाई रडत होते आणि वाजवत होते. मग कुणीतरी माईकवर सांगितलं, की आपल्या मेव्हण्याच्या लग्नात कैलासची चप्पल उडून वरणाच्या पातेल्यात पडली होती. मग दुसरा उठला, तिसरा उठला. सगळ्यांची भाषणं खिशातच राहिली. मी हसून हसून बेजार झाले.

"बाई, माफ करा," उस्मानभाई नंतर म्हणाले, "तुम्ही सूर सोडला की आमचा हात थांबत नाही."

निघताना लीलाबाई डाळिंबं घेऊन एसटीपर्यंत आल्या. "सापडलं," त्या म्हणाल्या. "हसताना आधी त्याचे खांदे हलायचे. आवाज मागाहून यायचा." आणि त्यांनी ते मला करून दाखवलं.

मी त्या मुलाला कधी पाहिलं नाही. पण आता सांगलीत कुणी लढाईचं, जवानांचं बोलायला लागलं, की मला दादाचा एकही श्लोक आठवत नाही. हलणारे दोन खांदे तेवढे दिसतात, आणि मी वेडी आवाजाची वाट बघत बसते.