लोखंड्याचे डोळे उघडले का?

मी आयुष्यात पहिलं मोठं खोटं बोलले ते एका लोखंडी माणसापायी, आणि तेही माझ्या आजोबांशी. छोटी खोटी त्याआधी भरपूर बोलले होते, पण ती घरच्यांना तोंडपाठ होती.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. घरची भाजीपाल्याची शेती होती आणि मोताळ्याच्या बाजारात काकांचं फोटोचं दुकान होतं. लग्नाचं व्हिडिओ शूटिंग आमच्या भागात नुकतंच आलं होतं. काकांनी कॅमेरा घेतला, त्याच्या जोडीला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आला, आणि कुणीतरी त्यांना एक कार्टूनची कॅसेट दिली. घरात सिनेमाची म्हणावी अशी तेवढीच एक. बाकीच्या कॅसेटींत लोकांची लग्नं. म्हणजे बघायचं तर परक्यांच्या पंगतीतले घास बघा, नाही तर हे कार्टून बघा, अशी आमची करमणूक होती.

कार्टूनमध्ये एक अवाढव्य यंत्रमानव होता. आम्ही त्याला लोखंड्या म्हणायचो. त्याला दोन पिवळे डोळे होते, आणि तो खूश झाला की ते लुकलुकायचे. डोंगराखालच्या एका शहरातली मोठी माणसं त्याला घाबरायची, लहान मुलं नाही. बोलणी कुठल्या भाषेत होती ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. टीव्हीला नाक लावून बसले तरी त्यांना नुसते रंग हललेले कळायचे. म्हणून मी त्यांच्या कानाशी बसून सगळं सांगायचे. भाषा मलाही येत नव्हती, त्यामुळे संवाद मीच रचायचे. माझा लोखंड्या अस्सल वऱ्हाडी बोलायचा. "काऊन बे, पोरीले तरास देऊन राह्यला काय?" असं तो दुष्ट माणसाला दरडावायचा, आणि आबा मांडीवर थाप मारून म्हणायचे, "असंच पाह्यजे त्याले!" आता कबूल करायला हरकत नाही की लोखंड्याचा सोबती पडद्यावर मुलगा होता. मी त्याची सरळ मुलगी करून टाकली. मला तसंच हवं होतं, आणि आबांना कुठे दिसत होतं!

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ऐन शेवटाला वीज गेली. कॅसेट तिथेच थांबली. दुसऱ्या दिवशी आमच्या आत्याची हळद होती. घरचं लग्न म्हणून काकांनी जरा जास्तच हौसेनं शूटिंग केलं आणि कोऱ्या कॅसेटी संपवल्या. मग त्यांनी कार्टूनची कॅसेट घेतली, तिच्या कडेच्या भोकावर चिकटपट्टी लावली, कारण तशी पट्टी लावली की जुन्या कॅसेटवर नवं भरता येतं, आणि थांबली होती तिथूनच पुढे आत्याची हळद भरून टाकली.

लग्नाची गडबड संपल्यावर आम्ही सगळे कॅसेट थोडी मागे घेऊन कार्टूनचा शेवट बघायला बसलो. पूर आलेला, पूल मोडलेला आणि रेल्वे येतेय. लोखंड्या पाण्यात उतरतो आणि पूल खांद्यावर तोलून धरतो. गाडी सुखरूप निघून जाते. मग तो कोसळतो. त्याचा एक डोळा विझतो, मग दुसरा. ती मुलगी, म्हणजे मी केलेली मुलगी, त्याच्या अंगावर चढते, डोक्याचं छोटं झाकण उघडते, आत हात घालते, आणि पडद्यावर आमची आत्या! तोंडभर हळद, आणि मागे बायका खिदळतायत. घरचे पोट धरधरून हसले. आत्या तर माहेरी आली की मुद्दाम तेवढाच भाग लावायला सांगायची. फक्त आबा हसले नाहीत.

"आन त्याचे डोये?" त्यांनी विचारलं. "उघडले का नाई?"

हा प्रश्न त्यांनी पुढे कितीदा विचारला त्याला सुमार नाही. वांग्याच्या वाफ्यात बसून विचारला, जेवताना विचारला. काकांना तर ते गुन्हेगारच समजत.

दिवाळी झाली आणि गावात जीप फिरली. तालुक्याच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर होतं, नावं लिहून घेत होते. माझ्या वडिलांनी आबांचं नाव देऊन टाकलं, तर आबा बिथरले. यंदा चुकलं तर थेट पुढच्या वर्षी, आणि तोवर जे अंधूक दिसत होतं तेही जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. आबांनाही होतं.

"आता दिसते तेवढं पुरे," ते म्हणाले. "तिथं जाऊन तेवढं बी गेलं तं? त्या लोखंड्याचे उघडले का नाई ते कोनी सांगत नाई, आन माहे उघडतीन म्हनून सगये सांगून राह्यले!"

घरचे पुन्हा हसले. मी आबांना टेकून बसले होते, आणि त्यांनी माझा फ्रॉक मुठीत घट्ट धरून ठेवला होता. माझा आबा घाबरला होता, आणि ते मला अजिबात सहन झालं नाही.

त्याच आठवड्यात शेगावहून माझा मावसभाऊ आला. त्यानं कुणाकडे तरी ते कार्टून पूर्ण पाहिलं होतं. मी त्याला गोठ्यामागे गाठलं.

"उघडते ना डोये," तो म्हणाला. "पन तो त्या पोराले ओयखतच नाई. सगयं इसरून जाते. नुसता पाहत राह्यते. मंग संपते."

मला त्या कार्टूनवाल्यांचा असा राग आला! एवढा पूल तोलून धरला आणि त्याला हे बक्षीस? मी मावसभावाला चार पिकलेली सीताफळं दिली आणि तोंड बंद ठेवायची शपथ घातली. मग आबांकडे जाऊन म्हटलं, शेवट कळला! लोखंड्याचे डोळे उघडले. उघडल्याबरोबर त्यानं पोरीला ओळखलं. "किती मोठी झाली वं तू!" असं म्हणाला. मग शहरानं त्याची बँड लावून मिरवणूक काढली, त्याला हार घातले आणि अख्खा डबाभर तेल पाजलं.

आबा शांतपणे ऐकत होते. "बँड बी लावला?"

"हो."

"आन तेलाचा डबा?"

"अख्खा."

ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. "इतकं गोड कोनाचंच होत नसते माय," ते म्हणाले. "म्हनजे मेला तो. तू लपवून राह्यली माह्यापासून."

संध्याकाळी त्यांनी वडिलांना सांगून टाकलं की नाव काढून टाका, मी जात नाही. आई मला म्हणाली, तुझ्या तोंडाचा पट्टा एक दिवस घात करणार म्हणून मी सांगतच होते. मी कोपऱ्यात जाऊन बसले. बँडच्या आधी थांबले असते तरी निभावलं असतं, असं मला सारखं वाटत होतं. सकाळी मावसभावाला हाताला धरून मी आबांपुढे उभं केलं. त्याच्या तोंडात शेवटचं सीताफळ होतं. खरं सांगायला तो पोरगा उत्तम, कारण त्याला काही रचून सांगायला सुचतच नसे. त्यानं बिया थुंकत थुंकत जसंच्या तसं सांगितलं.

"दोनी डोये उघडले?" आबांनी विचारलं.

"दोनी."

"एकदमच?"

"नाई. एक आधी, मंग दुसरा."

"आन ओयखलं नाई."

"नाई."

आबा हसायलाच लागले.

"आता पटलं! अवं, भर उन्हातून घरात आलं तं घडीभर आपली बायको ओयखू येत नाई. तो तं पार अंधारातून आला. दिसलं ना त्याले? बस झालं. ओयख होते मंग." मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "पन लोखंड्यासंग पोरगा होता म्हनते हा, तू तं पोरगी म्हनत होती?"

मी मावसभावाकडे डोळे वटारले.

"ते मी सोता पाहीन," आबा म्हणाले, आणि वडिलांना हाक मारून पुन्हा नाव लिहायला लावलं.

शिबिरात डॉक्टर म्हणाले, यंदा एकच डोळा करू, दुसरा पुढच्या वर्षी. आबांनी मान डोलावली. वडील सांगत होते की आबांनी डॉक्टरांना उलट धीर दिला, "एक आधी, मंग दुसरा, असंच असते."

पट्टी निघाली, पण चष्म्याशिवाय सगळं धूसरच, आणि तो यायला महिना-दीड महिना लागला. तो आला त्या सकाळी मी नवीन फ्रॉक घालून, दोन वेण्या घट्ट बांधून आबांच्या समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. जाड भिंगामागे त्यांचा तो डोळा वाटीएवढा दिसत होता. त्यांनी भिंत पाहिली, वडिलांना पाहिलं, "केस पांढरे झाले बे तुहे," म्हणाले. मग मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वडिलांना विचारलं, "ही कोनाची पोरगी?"

कार्टूनचा खरा शेवट मला ठाऊक होता. तरी मी भोकाड पसरलं. चार वर्षं मी त्यांच्या कानाशी नुसता आवाज होऊन बसले होते. त्यांच्या आठवणीत माझा जो चेहरा होता तो सहा वर्षांचा, पुढचे दात पडलेला. हे मला आता समजतं. तेव्हा मला एवढंच कळलं की माझ्या आबांनी मला ओळखलं नाही.

"आबा, मी व्हय!" मी रडत ओरडले.

आवाज ऐकला तसे आबा दचकले. आणि इतक्या वर्षांनी मिळालेला तो डोळा त्यांनी गच्च मिटून घेतला.

"बोल," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"काई बी. खोटं बोल."

मी नाक ओढत म्हणाले, "तुमचा डोया चष्म्यातून लय बारीक दिसून राह्यला, आबा."

आबांच्या ओठांवर हसू आलं. त्यांनी हळूहळू डोळा उघडला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"हाव, तूच व्हय," ते म्हणाले. "आता थांबू नको. बोलत राह्य, पाहू दे मले."