रेकॉर्ड संपल्यावर येणारी हाक

आधीच सांगते — असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. किराण्यापासून औषधांच्या वेळांपर्यंत सगळं लिहून ठेवते आणि लिहिल्याप्रमाणे करते. म्हणून हेही क्रमानेच सांगते.

आम्ही सोनपेठचे. वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. लग्नात रेकॉर्ड संपली की ती पलटायचं काम माझं. धाकटा भाऊ बंडू मांडवात जिलेबी खात फिरायचा. आजारपणात अण्णा परभणीला माझ्याकडे होते. अंघोळ घालायची मी, भरवायची मी... आणि डोळे उघडले की विचारायचे, "बंडू आला का गं?" बंडू पुण्यात. त्याला सुट्टी नसायची.

अण्णा गेल्यावर त्याचा फोन आला. "ताई, त्या रेकॉर्डी मला पाहिजेत. फ्रेम करून हॉलमध्ये लावतो."

"भिंतीवर? वाजवायच्या न्हाईत का?"

"आता कोण वाजवायलंय गं!"

ठरवलं, देण्याआधी सगळी गाणी कॉम्प्युटरवर घ्यायची. रेकॉर्ड वाजवता वाजवता गाणं कॉम्प्युटरवर उतरवणारा यूएसबीचा टर्नटेबल मागवला. दुपारी बसायचं, एक बाजू उतरवायची, फाइल ऐकून तपासायची, मग रेकॉर्ड पलटायची. पहिलीच फाइल तपासत होते. गाणं संपलं, खरखर सुरू झाली... आणि अण्णांचा आवाज — "बंडू... ए बंडू, पलट की रे."

कॉम्प्युटरला माइक नाही, म्हणजे खोलीतला आवाज त्यात शिरायचा प्रश्नच नाही. तीच रेकॉर्ड नुसती वाजवली, तर फक्त खरखर. वायर बदलून पुन्हा उतरवली — हाक तशीच. नवऱ्याला ऐकवलं. ते लगेच म्हणाले, "अण्णाच हायेत की गं."

पुढच्या रेकॉर्डी मी भीतीने नाही, आशेने लावल्या. एकदा तरी माझं नाव घेतील... शेवटच्या रेकॉर्डीपर्यंत बंडूच.

बंडू गाडी घेऊन आला तेव्हा त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. त्याने ऐकलं, काढून ठेवले. "नुसती खरखर हाय, ताई. रेकॉर्डींची खोकी कुठंयत?"

त्याला खरंच ऐकू आलं नाही की आलं, देव जाणे. तुमच्यापैकी कुणाला यातलं कळत असेल तर आवाज कुठून आला तेवढं सांगा. मला आजवर उत्तर सापडलेलं नाही. एवढंच सांगू शकते — प्रत्येक वेळी हाक त्याला होती, आणि उठून रेकॉर्ड पलटली ती मीच.